विद्यार्थी गृहीत धरताना

अफझलगंजच्या इस्पितळाला जोडलेलं हैदराबाद मेडिकल स्कूल. १८८५ मध्ये रूपाबाई फर्दूनजी तिथं दाखल झाल्या, त्यांच्यासोबत आणखी चौघीजणी. भुलीसाठीचा क्लोरोफॉर्म कितपत धोक्याचा, हे तपासणाऱ्या १८८८-८९ च्या क्लोरोफॉर्म कमिशनच्या प्रयोगांत रूपाबाईंचाही हात होता. या प्रयोगांमागचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचं क्लोरोफॉर्मबद्दलचं मत पुढं टिकलं नाही, ते सोडा. शिकणाऱ्या बाईला चालू वादात उतरवलं, हे मला प्रवेशापेक्षा मोठं वाटतं.

०

उस्मानिया विद्यापीठाचं फर्मान १९१७ चं. शिक्षण उर्दूतून, इंग्रजी सक्तीचा विषय. पुस्तकांसाठी वेगळं भाषांतर खातं. परक्या भाषेशी झटण्यातच मुलांची निम्मी ताकद जाते, हा युक्तिवाद बिनतोड होता. फक्त तो उर्दूपाशी येऊन थांबला. हैदराबाद संस्थानात निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलणारे, चौथाई मराठी. नांदेड-परभणीच्या पोराला उर्दू कचेरीमुळं कानावरची, पण अरबी-फारसीतून घडवलेल्या परिभाषेत रसायनशास्त्र शिकायचं म्हणजे दुहेरी काम. निर्णय धाडसी होता, आणि अर्धा.

०

केशवराव कोरटकर, वामन नाईक यांची विवेकवर्धिनी शाळा. मराठी मुलांची सोय लोकांनी वर्गणीतून केली. मात्र वर्गणी जमते तिथंच ती सोय होते.

०

स्टेट सेंट्रल लायब्ररी, म्हणजे जुनी आसफिया. स्पर्धा परीक्षावाल्यांनी बाकं भरलेली. प्रत्येकापुढं छापील अभ्यासक्रम: नुसती प्रकरणांची यादी. वाचणारा कोण, त्याला आधी काय येतं, याचा एका ओळीतही उल्लेख नाही.

०

हीच चूक टाळायला मी शिकवायच्या अभ्यासक्रमात करायचे बदल:

पहिल्या तासाला विचारायचं: घरी कुठली भाषा, शाळा कुठल्या माध्यमाची, येण्याजाण्याला किती वेळ, नोकरी आहे का. त्यानंतरच वाचनाचा भार ठरवायचा.

पहिल्या निबंधाला गुण नाहीत, फक्त शेरे.

दिव्यांगांना जादा वेळ ‘विनंतीवरून’ नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांतले बरेच डोळ्यांना दिसत नाहीत. मजकूर स्क्रीन-रीडरला वाचता येईल असाच द्यायचा. पानांचे फोटो बंद.

तोंडी परीक्षेचा पर्याय सगळ्यांना. लाजणारी मुलं लेखी घेतील, चालेल.

०

उत्तर हव्या त्या भाषेत लिहा, असं छापलं तर तपासणार कोण? मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. तेलुगू विभागातल्या सहकाऱ्यांना गाठायला हवं, आणि त्यांचं मानधन कुठल्या खात्यातून द्यायचं हे सत्र सुरू होण्याआधी लेखी घ्यायला हवं.