हात धुतलेस का?

मराठीच्या प्राध्यापकाने विजेच्या दिव्यांविषयी लिहावे, हे वाचकांना जरा विचित्र वाटेल. आमच्या घरात तर ते फारच विचित्र वाटते. स्वयंपाकघरातली ट्यूब गेली की आमची ही शेजारच्या मुलाला हाक मारते. माझ्याकडे स्टूल धरण्याचे काम असते. तेही नीट धरत नाही, अशी तक्रार आहेच. असा मी आठशे वॅटच्या दिव्याच्या नादी लागलो तो आत्यामुळे.

आमची आत्या १९३९ सालची. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात वाढली, आणि गावात पिठाची गिरणी येईपर्यंत रोज पहाटे जात्यावर बसली. जात्यावरच्या कितीतरी ओव्या तिला पाठ होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी हिंडून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, हे मी दरवर्षी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगतो. घरातल्या ओव्या मात्र कोणी टिपल्या नव्हत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. २०२३च्या उन्हाळ्यात आत्या एकच ओवी तीनदा म्हणू लागली, मधली कडवी गाळू लागली, आणि माझ्या पोटात गोळा आला. आता उशीर करून चालणार नव्हते.

टाळेबंदीच्या काळात मोबाइलसमोर तास घेऊन घेऊन मला चित्रीकरणाची थोडी सवय झालेली होती. त्या वेळी घेतलेला स्वस्तातला एलईडी दिवा माळ्यावरून काढला, आत्याला डाळिंबी नऊवारीत बसवले आणि पहिला प्रयोग केला. रात्री सगळ्यांनी तो पाहिला. आत्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि विचारले, “ही कोण रे बाई? आजारी दिसते.”

खरेच होते. डाळिंबी लुगडे विटकरी झाले होते, कुंकू काळपट आणि चेहरा फिकट हिरवा. चौकशी केल्यावर कळले ते असे : तापलेल्या तारेच्या उजेडात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग सलग असतात, कोणताच वगळलेला नसतो. चुलीचा जाळ, समई, जुना पिवळा बल्ब ही सगळी एकाच कुळीतली. हलक्या एलईडीत मात्र तांबडा रंग हात आखडून घातलेला असतो, आणि माणसाच्या कातडीला नेमका तोच लागतो. चांगले एलईडी दिवे यात कमी पडत नाहीत. पण त्यांची किंमत ऐकून मी दुकानदाराला नमस्कार केला.

तेव्हा आमच्या कॉलेजातले कपाट आठवले. एके काळी तिथे दृक्-श्राव्य विभाग होता. त्याचे दोन टंगस्टन दिवे, नारिंगी डोक्याचे, पुढे जाळी आणि चार झडपा असलेले, गॅदरिंगच्या मुकुटांखाली पडलेले होते. रीतसर अर्ज करून ते रिक्षातून घरी आणले. एक लागला. दुसऱ्यातली नळी गेलेली होती.

“बल्ब द्या,” असे मी तपकीर गल्लीतल्या एका दुकानात म्हणालो. गल्ल्यावरचे म्हातारे गृहस्थ माझ्याकडे पाहत राहिले. “मास्तर, मंडईत जाऊन नुसती ‘भाजी द्या’ म्हणता का?” मी मास्तर आहे हे त्यांनी कसे ओळखले कोण जाणे. त्यांनी जुनी नळी मागितली, टोकाशी कोरलेली बारीक अक्षरे भिंगातून वाचली आणि माझी शिकवणी घेतली. वॅट किती, व्होल्ट किती, टोके कोणत्या जातीची, लांबी किती, आणि उजेड किती केल्विनचा. मी आधी कोपऱ्यावरच्या दुकानातून ११८ मिलिमीटरची नळी घेऊन फसलेलो होतो. ती बांधकामावरच्या हॅलोजनची. आमच्या दिव्याला लागायची ७८ मिलिमीटरची. अमेरिकेतल्या भाच्याने पाठवायची तयारी दाखवली होती, ते ऐकून म्हातारबुवा हसले. तिकडची नळी १२० व्होल्टची. आपल्या २३० व्होल्टवर लावली की डोळ्याचे पाते लवण्याआधी संपली.

केल्विनचे प्रकरण मला आवडले. चित्रीकरणाचा टंगस्टन दिवा ३२०० केल्विनचा, दुपारचे ऊन सुमारे ५६०० केल्विनचे. म्हणजे आपण ज्या पिवळ्या उजेडाला ऊबदार म्हणतो तो कमी तापमानाचा, आणि ज्या निळसर उजेडाला थंड म्हणतो तो जास्त तापमानाचा! भाषेने विज्ञानाला सरळ उलटे टांगले आहे, आणि माझ्या मते भाषेचेच बरोबर आहे. मात्र दोन्ही उजेड एका खोलीत आले की कॅमेऱ्याची त्रेधा उडते. खिडकीकडचा गाल निळा, दिव्याकडचा पिवळा. दिव्यावर निळा कागद लावून त्याला उन्हासारखे करता येते, पण तो कागद निम्म्याहून अधिक उजेड खाऊन टाकतो. त्यापेक्षा खिडक्यांना घोंगड्या लावणे स्वस्त.

निघताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. पहिली : व्होल्टेज शेकडा पाचने चढले तरी नळीचे आयुष्य जवळजवळ अर्ध्यावर येते, तेव्हा उगीच लावून ठेवू नका. दुसरी : नळीच्या काचेला बोट लावू नका. ही साधी काच नव्हे, क्वार्ट्झ. आत तार एवढी तापते की टंगस्टनची वाफ होते. नळीतला हॅलोजन वायू ती वाफ पकडून पुन्हा तारेवर नेऊन सोडतो. म्हणून काच काळी पडत नाही. पण त्यासाठी काचसुद्धा शेकडो अंश तापलेली राहावी लागते. बोटाचे तेल आणि घामाचे मीठ तिच्यावर राहिले तर तेवढीच जागा उतते, पांढरी पडते आणि फुटते. मी मान डोलावली. मान डोलावण्यात आम्ही प्राध्यापक तरबेज असतो.

पुण्यात चित्रीकरणाला दुपारी एक ते चार यासारखी वेळ नाही. सगळे शहर निजलेले असते. पण ते दिवस दिवाळीच्या तोंडावरचे. दोन्ही दिव्यांचे मिळून सोळाशे वॅट, म्हणजे सात अँपिअर. ते भिंतीवरच्या साध्या प्लगला झेपणार नाहीत, म्हणून वायर स्वयंपाकघरातल्या मोठ्या प्लगवरून आणली. त्यामुळे हिचा मिक्सर बंद आणि कढई चालू. चकली कशी झाली ते पाहायला मला बोलावणे आले. मी पाहिली, दोन पाहिल्या. मग घाईघाईने येऊन नवी नळी बसवू लागलो.

आत्या पाटावर बसून माझ्याकडे पाहत होती. लहानपणी घरचे चार कंदील आणि दोन चिमण्या रोज तिन्हीसांजेला पुसण्याचे काम तिच्याकडे असे. राखेने काच घासायची, मऊ फडक्याने कोरडी करायची, वात कात्रीने सरळ कापायची. ती म्हणाली, “हात धुतलेस का?”

“हो, हो,” मी म्हणालो. रुमालाने पुसले होते. ते धुण्यातच धरले.

दिवे लागले आणि खोली अशी उजळली की आम्ही सगळेच गप्प झालो. डाळिंबी रंग डाळिंबासारखा दिसला. आत्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती जिवंत झाली. आवाजासाठी पंखा बंद, खिडक्यांना घोंगड्या, आणि दिव्याच्या शंभर भागांतले नव्वदाहून अधिक नुसत्या उष्णतेत जाणारे. मी घामाने निथळलो. आत्या मात्र खुशीत होती. “चुलीपुढं बसल्यासारखं वाटतंय,” म्हणाली. सीतेच्या, पंढरीच्या, लेकीच्या अशा ओव्या ती पाऊण तास म्हणत होती. अडखळत होती, आमच्याकडे पाहत होती, कॅमेऱ्याकडे पाहून पदर सारखा करत होती.

आणि फाट् असा आवाज झाला. जाळीमागे काच खळाळली, खटका पडला, दोन्ही दिवे गेले. जाळी होती म्हणून कोणाला इजा झाली नाही. मी अंधारात चाचपडत स्वयंपाकघराकडे निघालो, एवढ्यात मागून आवाज आला.

आत्या थांबलीच नव्हती. थांबली होती ती क्षणभर. मग तिने नवीच ओवी धरली. ही भावाची होती. पुढची पण भावाची. तिचा भाऊ म्हणजे माझे वडील. ते जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती, आणि त्या अकरा वर्षांत तिने भावाची एकही ओवी आमच्यासमोर म्हटली नव्हती. आता ती न अडखळता म्हणत होती. मधूनच गुडघा हलत असल्याचा, पाट करकरल्याचा आवाज येत होता. जात्यावर बसायची ती पहाटेच्या काळोखात. उजेडात, चार माणसांत ओवी म्हणण्याची सवय तिला कधी नव्हतीच, हे मला, ओवीवर दरवर्षी तासच्या तास घेणाऱ्याला, त्या दाराशी उभे राहून कळले. खटका वर करायला मी हात उचलला होता. तो तसाच खाली घेतला.

कॅमेरा बॅटरीवर होता. तो चालूच राहिला.

दुसऱ्या दिवशी, साबणाने हात धुऊन, फुटक्या नळीचे तुकडे पाहिले. एका तुकड्यावर पांढरट फुगवटा होता, साधारण माझ्या अंगठ्याएवढा. पुन्हा तपकीर गल्लीत गेलो. म्हातारबुवांनी काही न विचारता दोन नळ्या बांधून दिल्या. पुढच्या रविवारी परत बसलो, तेव्हा मी तिला भावाच्या ओव्या म्हणायला सांगितले. “कुठल्या रे?” ती म्हणाली. मी पहिले शब्द सांगून पाहिले. तिने नुसती मान हलवली. पुढेही ती कधी त्या वाटेला गेली नाही.

जोडकाम आमच्या मुलाने केले. त्या काळ्या चार मिनिटांवर आजोबांचे फोटो टाकावेत, असे त्याचे म्हणणे होते. मी नको म्हटले. भाऊबिजेला सगळी मंडळी जमली, तेव्हा तो चित्रपट टीव्हीवर लावला. चित्र चालले होते, आणि एकदम पडदा काळा झाला. धाकटे काका लगबगीने उठले, टीव्हीमागची वायर हलवायला.

“बस रे,” आत्या म्हणाली, “चालू आहे.”