पिशवीवर बसणारा बंडू

बंडू जाऊन दीड महिना झाला. परवा माहेरी जायला पिशवी भरत होते, तर चिन्मयनं विचारलं, "आई, बंडू पिशवीवर का बसायचा गं?"

घरात कुणीही पिशवी भरायला काढली की बंडू येऊन तिच्यावर बसायचा. भाजीची असो नाहीतर लग्नाला न्यायची सुटकेस. भुंकणं नाही, दात दाखवणं नाही. नुसता बसायचा आणि तोंड भिंतीकडं करायचा. उचलायला गेलं की अंग सैल सोडून द्यायचा. पाहुणे हसायचे, आम्हीही हसायचो. माझे सासरे, म्हणजे अण्णा, तेवढे उठून आत जायचे.

2019 चा ऑगस्ट. आमचं घर सांगलीच्या गावभागात. कृष्णेचं पाणी चढत होतं, आयर्विन पुलावरचा पाणीपातळीचा आकडा जो तो फोन करून एकमेकांना सांगत होता, आणि अण्णा जागचे हलायला तयार नव्हते. "2005 ला तिसऱ्या पायरीला थांबलं. त्याच्यावर येत नसतंय." सातवी पायरी बुडून पाणी सोप्यात आलं, तेव्हा रात्री बोट आली. सासूबाई, माझ्या कडेवर वर्षाचा चिन्मय, दोन पिशव्या. बोटीवरचा पोरगा म्हणाला, "आधी माणसं. कुत्र्याचं मग बघू." त्याचं काय चुकलं? पलीकडच्या वाड्यातून बायका हाका मारत होत्या.

बंडूला गच्चीवर मीच नेलं. टाकीखाली पत्र्याच्या आडोशाला भाताचं पातेलं ठेवलं. आमच्यामागं पाण्यात उडी टाकेल म्हणून दाराला बाहेरून कडी घातली. तो खांद्यावरची पिशवी हुंगत होता. "आले हं लगेच," म्हणाले.

पाणी 57 फुटांवर गेलं. विश्रामबागला आत्यांकडं आम्ही आठ दिवस होतो. अण्णा ताटाभोवती पाणी फिरवायचे आणि तसेच बसून राहायचे. बंडूचं नाव कुणी काढलं नाही.

परतलो तेव्हा चिखलातून जिना चढून कडी मीच काढली. बंडू होता. बरगड्या मोजून घ्याव्यात, असा. मी हात पुढं केला. तो हाताशी आला नाही. खाली ठेवलेल्या पिशवीपाशी गेला आणि तिच्यावर बसला.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी चढू लागलं. पहिल्या पायरीला लागायच्या आधीच अण्णांनी टेंपो बोलावला. आधी बंडूला चढवलं, मग आपण चढले. शेजाऱ्यांनी चेष्टा केली, तर म्हणाले, "एकदा शहाणपणा केलाय. बास झाला." त्यानंतर मुक्कामी जाणं त्यांनी सोडलंच. सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेले नाहीत. "बंडूला कोण बघणार?" सासूबाई करवादायच्या, आणि स्वतःची पिशवी मात्र दार लावून भरायच्या.

चिन्मयला सगळं सांगितलं. कडीसुद्धा.

"म्हणजे तू त्याला खोटं सांगितलंस?"

"हो."

झोपाळ्यावर अण्णांचा पेपर खाली आला. "कडी तिनं घातली खरी," ते नातवाला म्हणाले, "पण उशीर माझा." इतक्या वर्षांत हे ते पहिल्यांदाच बोलले.

गच्चीच्या दाराला आता कडी नाही. पूर ओसरल्यावर अण्णांनीच ती स्क्रू काढून फेकून दिली. पावसाळ्यात दार आपटतं, मग आम्ही ते सुतळीनं बांधतो.