ऐकीव बाळपण

माझ्या मुलीचं पहिलं पाऊल मी पाहिलेलं नाही. मी तेव्हा फोर्टातल्या ऑफिसात होतो आणि बायको परळच्या एका इस्पितळात सकाळच्या ड्युटीवर. पाऊल पडलं ते लालबागच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, शेजारच्या काकींच्या दारापुढे. आणि पडलं तेही काकींच्या ताटातल्या तळलेल्या बांगड्याच्या रोखाने. एवढा तपशील मला ठाऊक आहे, कारण संध्याकाळी काकींनी तो करून दाखवला. सत्तरी उलटलेली बाई पदर खोचून, दोन्ही हात पसरून, डुगडुगत माझ्याकडे आली आणि शेवटी धप्पकन खाली बसली. लेकीची पहिली पावलं म्हटलं की आजही मला काकीच दिसतात.

काकी मूळच्या देवगडाकडच्या. करी रोडला गाडीतून उतरून मी जिना चढलो की त्या लसूण सोलत उंबऱ्यात बसलेल्या असायच्या. “आयकलंस काय रे, तुझ्या चेडवान आज काय केल्यान ता?” असं म्हणून त्यांचं बातमीपत्र सुरू व्हायचं. त्यात तक्रार कधीच नसायची. सांडलेलं तेल, फाडलेलं कालनिर्णयाचं पान, डालड्याच्या डब्यात अडकलेला हात, हे सगळं पराक्रम म्हणून यायचं. मधूनच त्या थांबायच्या आणि मी पुरेसा हसलो की नाही ते बघून पुढे सरकायच्या.

लेकीचे फोटो माझ्याकडे ढिगाने आहेत, पण बहुतेक रविवारचे. एक तर ती झोपलेली, नाही तर नटवलेली. खरी गंमत सोमवार ते शनिवार घडत होती आणि काकींचा फोन बटणांचा होता.

एप्रिल-मे महिन्यांत मसाला गल्लीत मिरची कुटायला गर्दी उसळते, आणि वारा आमच्या बाजूला फिरला की अख्खी चाळ शिंकते. लेक दीड वर्षाची असताना तिच्या लक्षात आलं, की शिंकलं की मोठी माणसं लगेच वळून बघतात. मग तिने खोटी शिंक शोधून काढली. मान मागे, डोळे बंद, तोंडाने मोठ्ठा आवाज. पण नाकातून काहीच नाही. पावसाळा उजाडला, मिरची संपली, तरी शिंका चालूच. समोरच्या खोलीतले एक आजोबा भोळेपणाने दर वेळी तिला सुंठ-गुळाची गोळी द्यायचे. काकींना हे माहीत होतं. आजोबांना त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

चपात्या करताना काकी तिला कणकेचा गोळा द्यायच्या, आणि तो खेळायला नसे. तिने लाटलेलं जे काही होईल ते तव्यावर पडायचं आणि खाल्लं जायचं. रातपाळीच्या दुसऱ्या दिवशी बायको झोपलेली असली की डबाही काकीच भरून देत. त्यात कधी कधी रुपयाएवढी एक काळपट चपाती निघायची, तिच्यावर बोटांचे ठसे. ऑफिसातले लोक विचारायचे, ही कसली? मी ती आधी खायचो.

दादरला ताराबाई मोडकांनी 1936 साली शिशुविहार सुरू केलं, ते याच विश्वासावर की लहान मुलाला भातुकलीइतकंच, किंबहुना जास्तच, खरंखुरं काम आवडतं. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून आणि माँटेसरींचा विचार पचवून ताराबाई इथवर आल्या होत्या. काकींनी यांपैकी एकही नाव ऐकलेलं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की पोराला गप्प बसवण्यात वेळ जातो, कामाला लावलं की आपलंही काम उरकतं.

अर्थात, दिवसभर काकींकडे राहण्याचे परिणाम झालेच. लेक बोलायला लागली ती मालवणीत. पुण्याला माझ्या सासुरवाडीला गेलो, तर आजोबांनी कौतुकाने पुढे केलेल्या सुधारसाच्या वाटीकडे बघून ती म्हणाली, “माका नुस्ता व्हया.” सासूबाईंना वाटलं, नुसता सुधारस हवाय, पोळी नको. त्यांनी आणखी दोन चमचे वाढला. तिला मासा हवा होता, हे त्या शाकाहारी घरात कोणत्या तोंडाने सांगणार? बायको पदर तोंडावर धरून स्वयंपाकघरात निघून गेली.

आणि गणपती! लालबागच्या राजाची रांग कुठून कुठे जाते हे मुंबईकराला सांगायला नको. पेरू चाळीचा बाजार 1932 मध्ये बंद झाला, तिथल्या कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी हक्काच्या जागेसाठी नवस केला, आणि 1934 पासून राजा बसू लागला. आता त्याच्या नवसाला लोक रात्र-रात्र उभे राहतात. आमच्या गॅलरीतून त्या रांगेचा एक तुकडा दिसायचा. दोन वर्षांच्या मुलीला राजा कुठे दिसणार? तिला दिसली ती फक्त माणसं, आपल्या दारासमोर उभी असलेली. ही सगळी आपल्यालाच बघायला आली आहेत, अशी तिची पक्की समजूत झाली. ती गजांतून हात काढून हलवायची, खालून कंटाळलेले लोक हात हलवायचे. दहा दिवस हा दरबार चालला. विसर्जनानंतरच्या सकाळी गॅलरीत आली तर रस्ता रिकामा. तिने खच्चून हाक मारली, “या!”

काकींना मी महिन्याचे पैसे द्यायचो आणि त्या घ्यायच्या. उगाच नको-नको केलं नाही. खाणावळ चालवलेली बाई होती. नवरा गिरणीत साचेखात्यात. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, ते परत कामावर गेले की नाही याची वेगवेगळी उत्तरं या चाळीच्या प्रत्येक खोलीत आहेत. काकींच्या खोलीतलं उत्तर ‘नाही’ होतं. त्यांनी चुलीवर माणसं वाढवली. प्रेमा पुरवांनी 1975 मध्ये उभ्या केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे खाणावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळू लागलं होतं. तसं कर्ज काकींनीही काढलं आणि फेडलं. पहाटे चारला पहिला तवा, रात्री अकराला शेवटचं भांडं. त्यांचे दोन मुलगे तेव्हा रांगत-चालत होते.

एकदा मी सहज विचारलं, तुमचे मुलगे लहानपणी असेच होते का? लसणाची पाकळी हातात तशीच राहिली. “माझ्या पोरांचा माका कायच आठवणा नाय रे,” त्या म्हणाल्या, आणि लगेच, “पन आज हिना काय केल्यान, आयक.”

सांभाळण्याचे पैसे मी दिले. सांगण्याचे दिले नाहीत, आणि ते कसे मोजायचे हे मला आजही कळलेलं नाही.

चाळ आता पुनर्विकासात आहे. काकी धाकट्या मुलाकडे विरारला असतात. लेक चौथीत गेली, मराठी घरात आणि इंग्रजी शाळेत, मालवणी कुठेच नाही. मी रांगेची गोष्ट सांगितली की ती रागावते. आपण असं वागलोच नाही, बाबा बनवून सांगतात, असं तिचं ठाम मत. परवा तिने पुराव्यासाठी थेट काकींना फोन लावला, स्पीकर चालू करून. काकींना आता कमी ऐकू येतं. प्रश्न दोनदा ओरडून विचारावा लागला.

मग त्यांनी सांगितलं. नुसता हात नव्हती हलवत. रांगेतल्या लोकांकडे पेढे मागायची. एका भल्या माणसाने खरंच प्रसादाचा पुडा वर फेकला, तो काकींनी झेलला. ही हकीकत मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

“पेढे मग कोणी खाल्ले?” लेकीने विचारलं.

पलीकडून काकींची खोटी शिंक ऐकू आली.