ब्रेक ‘कमजोर’ आहे, म्हणजे नेमकं काय?

मराठीत ‘निदान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, रोग ओळखणं; दुसरा, ‘किमान’. उर्दूत रोग ओळखण्याला ‘तश्खीस’ म्हणतात. ‘शख्स’ हा शब्दही त्याच धातूतला. गर्दीतून नेमका माणूस ओळखावा, तसा नेमका दोष ओळखणं म्हणजे तश्खीस. दोन्ही भाषा शिकवताना हे शब्द मी अनेकदा फळ्यावर लिहिले आहेत. गेल्या पावसाळ्यात मात्र त्यांचा अर्थ मला एका जुन्या गाडीच्या बॉनेटखाली नीट कळला.

गाडी माझ्या धाकट्या भावाची. जुनी डिझेल बोलेरो, चारही चाकांना ताकद देणारी. पवनी तालुक्यात आमची धानाची शेती आहे. रोवणीच्या दिवसांत पांदणीच्या चिखलातून हीच गाडी निघते. रात्री-बेरात्री गावात कुणाची तब्येत बिघडली, कुणा बाईला कळा सुरू झाल्या, की भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाकडेही हीच धावते. त्यामुळे तिचा ब्रेक हा आमच्या एका घराचा प्रश्न नव्हता.

भाऊ म्हणाला, “भाईजान, ब्रेक कमजोर झाला. पेडल दगडासारखं लागतं, सगळा जोर लावावा लागतो.” एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगून टाकलं, बूस्टर गेला, नवा टाका. किंमत ऐकून भाऊ गप्प झाला. मग आम्ही अब्बांच्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो.

त्यांनी पाना हातात घेण्याआधी प्रश्न विचारले. पेडल कडक लागतं की मऊ? दाबून धरलं तर हळूहळू खाली जातं का? गाडी एका बाजूला ओढते का? ब्रेक ऑइल कमी होतं का? मला गंमत वाटली. हे तर आमच्या बीएडच्या वर्गातलं नैदानिक चाचणीचं तंत्र!

प्रत्येक उत्तराचा रस्ता वेगळा असतो, हे त्यांनी समजावलं. पेडल स्पंजासारखं मऊ लागलं, तर बहुधा लाइनमध्ये हवा शिरलेली असते. धरून ठेवलेलं पेडल हळूहळू खाली गेलं, तर मास्टर सिलिंडरवर संशय, नाहीतर कुठेतरी ऑइलची गळती. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर दोन्ही बाजूंच्या चाकांचे ब्रेक बघायचे. आणि पेडल कडक असून गाडी थांबत नसेल, तर बूस्टरची मदत पोहोचत नाही किंवा लायनर-पॅड खराब झाले आहेत.

बूस्टर म्हणजे पेडलच्या पुढे बसवलेला पत्र्याचा मोठा डबा. त्याच्या आत एक पडदा असतो. एका बाजूची हवा ओढून घेतलेली असते. पेडल दाबलं की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि तिच्या दाबाने आपल्या पायाला जोर मिळतो. पेट्रोल इंजिनात हे ओढण्याचं काम इंजिनच करतं. डिझेल इंजिनात तशी ओढ तयार होत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आमच्या गाडीत तो अल्टरनेटरच्या पाठीमागे आहे. बेल्ट ढिला झाला तर चार्जिंग आणि ब्रेक दोन्ही एकदम रुसतात!

मग चाचणी. गाडी सपाट जागेवर, चाकांना दगड लावलेले. इंजिन बंद ठेवून भावाने पेडल पाच-सहा वेळा दाबलं, साठलेली ओढ संपवली, पाय तसाच धरला आणि इंजिन सुरू केलं. अशा वेळी पेडल थोडं खाली बसायला हवं. बसलं नाही. म्हणजे मदत येत नव्हती. पण बूस्टर मेला, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. कदाचित त्याला खायलाच मिळत नसेल.

मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून बूस्टरकडचा पाइप काढला आणि तोंडावर अंगठा ठेवला. ओढ अगदी क्षीण. तोच अंगठा पंपाच्या तोंडाशी लावला, तर घट्ट ओढला गेला. म्हणजे पंप ठीक, दोष मधल्या वाटेत. क्लिपखाली रबरी पाइप तडकला होता, आणि हवा परत जाऊ न देणारा छोटा व्हॉल्व्हही निकामी होता. दोन्ही बदलले. पाइप साधा पाण्याचा चालत नाही, ओढीने चपटा होतो, ब्रेकचाच लागतो. पुन्हा चाचणी केली, पेडल बसलं. बूस्टर जुनाच राहिला.

मिस्त्रींनी भावाला बजावलं, “उतारावर इंजिन बंद करून डिझेल वाचवायचं नाही, बाबू. इंजिन थांबलं की पंप थांबतो. साठलेली ओढ दोन-तीनदा पेडल दाबलं की संपते. मग पायाखाली दगड.” ही सवय आपल्याकडे किती जणांना आहे! शिवाय अशी गाडी लो गिअरमध्ये इंजिनच्या जोरावरच हळू उतरते. शेतात ब्रेकची कमजोरी लपते आणि हमरस्त्यावर, समोर ट्रक आल्यावर उघडी पडते.

शिक्षकांच्या खोलीत ‘हा कच्चा आहे’ हे वाक्य मी रोज ऐकतो. वाचता न येणाऱ्या मुलाला फळाच दिसत नसेल, घरची भाषा वेगळी असेल, सकाळी ते उपाशी आलं असेल. ‘कच्चा’ हे लक्षणाचं नाव आहे, कारणाचं नाही. ‘कमजोर’ही तसाच. गाडीत भाग बदलता तरी येतो. मुलावर मारलेला शिक्का पुसायला वर्षं जातात.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल, तर ही अर्ध्या मिनिटाची चाचणी या आठवड्यात करून बघा. पेडल बसलं नाही, तर गाडी रस्त्यावर न काढता मिस्त्रींना बोलवा, आणि काय बदलायचं ते ठरवण्याआधी कारण विचारा. निदान एवढं तरी.