लघू अक्षरावरचा आघात

मराठी शाळांतून इंग्रजी साहित्याच्या वर्गात आलेले आम्ही 'रिस्पॉन्सिबिलिटी' हा शब्द आपल्या वजनाने उच्चारीत असू आणि वर्गात हशा पिके. त्या हशाने आमच्यातले कित्येक पुढे बोलेनासेच झाले.

वास्तविक या शब्दाचे अवयव सहाच: रि-स्पॉन्-सि-बि-लि-टी. वृत्तांवर पोसलेला आमचा कान पहिले दोन आणि शेवटचा गुरू मानतो. मधले तिन्ही लघू. इंग्रजीचा मुख्य आघात मात्र नेमका त्यांतल्या 'बि'वर पडतो. 'स्पॉन्'वर दुय्यम आघात उरतो, बाकीचे स्वर पुसट होतात. मूळ 'रिस्पॉन्सिबल'मध्ये मुख्य आघात 'स्पॉन्'वरच असतो. 'इटी' हा प्रत्यय लागला की तो प्रत्ययाच्या लगेच आधीच्या अवयवावर सरकतो. 'पॉसिबल'-'पॉसिबिलिटी', 'एबल'-'अ‍ॅबिलिटी' यांतही हेच घडते.

म्हणजे प्रश्न जिभेच्या दोषाचा नव्हता, दोन मापांचा होता. आमच्या वृत्तांत वजन मात्रांनी ठरते, इंग्रजी छंदात आघाताने. म्हणूनच 'आयँब म्हणजे लघु-गुरू' एवढे सांगून छंद शिकवता येत नाही. हा भेद पहिल्याच तासाला फळ्यावर मांडला, तर हसणाऱ्यांनाही आपल्या भाषेचा कान कळेल.