प्रेमकथेला पाचपैकी किती?

गेल्या वर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवरून परतताना आमच्या कापडी पिशवीत सहा पुस्तकं होती. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'ची नवी प्रत, स्त्रीप्रश्नावरच्या दोन पुस्तिका, आणि तळाशी सीताबर्डीच्या फुटपाथवरून वीस-वीस रुपयांना घेतलेल्या तीन जुन्या प्रेमकादंबऱ्या. चळवळीतल्या एका ज्येष्ठ दादांनी "बघू, काय घेतलं पोरींनी" म्हणत पिशवीत हात घातला आणि नेमकी तळातली एक वर आली. कव्हरवर केस उडणारी तरुणी, मागे समुद्र. दादा हसले. "हे कुणाचं?" आम्ही चौघी एका सुरात म्हणालो, "हॉस्टेलच्या एका पोरीचं आहे, परत द्यायचंय."

साफ खोटं. कादंबरी आमचीच होती, आणि त्या रात्री कुणी आधी वाचायची यावरून आमच्यात भांडणही झालं. भर सभेत कुणालाही उलट प्रश्न विचारणाऱ्या आम्ही, एका गुळगुळीत कव्हरपायी पोरासोरांसारख्या खोटं बोललो. ती लाज कुठून आली, हे तपासायला हा लेख.

आधी कबुलीजबाब. आमच्याकडे एक वही आहे. विहाराच्या मागच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता करता ती सुरू झाली. चालू घडामोडींच्या नोट्स पुढून, प्रेमकादंबऱ्यांचे मार्क मागून. पाचपैकी मार्क. त्यातले दोन जागरणाचे: रात्री दोनपर्यंत पुस्तक खाली ठेवलं नाही तर दोन्ही मिळाले, डोळा लागला तर शून्य. एक मार्क बोलण्याचा. नायक-नायिका माणसांसारखी बोलतात की लग्नपत्रिकेसारखी, ते बघायचं. नायकाने थोबाडीत मारली आणि लेखकाने त्याला प्रेम म्हटलं, तर एक मार्क कापायचा. शेवटी नायिकेने नोकरी सोडली तर अर्धा. (यावर आमच्यात एकमत नाही. एकीचं म्हणणं, असल्या बॉसच्या हाताखाली तिनेही सोडली असती.) आतापर्यंत वहीत दोनशेच्या वर नोंदी आहेत. सुप्रीम कोर्टाला नाही का प्रेमकथा वाचून निकाल द्यावा लागला? चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' 1962च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला चालला आणि 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवलं. आमची वही त्याच कामातली, फक्त खालच्या कोर्टातली.

हे वाचन आमच्याकडे आलं कुठून? आमच्यातल्या एकीची आई धरमपेठेत धुणीभांडी करायची. मालकिणीच्या घरची रद्दी महिन्याला तिला मिळायची. त्या रद्दीत मासिकं असायची, दिवाळी अंक असायचे, कव्हर फाटलेल्या कादंबऱ्या असायच्या. आई सातवी शिकलेली. रद्दी विकण्याआधी ती प्रत्येक कादंबरी वाचून काढायची, जेवणं उरकल्यावर, दाराच्या उजेडात. आम्ही तिला एकदा विचारलं, "काकू, तुम्हाला त्यात आवडायचं काय?" आम्हाला वाटलं, बंगला, मोटार, महाबळेश्वर. काकू म्हणाल्या, "त्यात कुणीतरी बाईला इचारते, दमलीस का म्हणून."

तेव्हापासून वहीत एक जादा रकाना आहे. 'दमलीस का?' असं कुणी कुणाला विचारतं का.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप आमच्याच भावांचा: समाज जळतोय आणि तुम्ही गुलाबी कादंबऱ्या वाचता? हा प्रश्न क्रिकेट बघणाऱ्या भावाला कुणी विचारत नाही. आयपीएलच्या मोसमात अभ्यासिका संध्याकाळी रिकामी होते, तेव्हा चळवळीचं नुकसान कुणी मोजत नाही. करमणूक पुरुषाची असली की विरंगुळा, बाईची असली की उथळपणा. हा नियम आपण मनुस्मृती जाळूनही घरात जपून ठेवलाय. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. त्यांच्याइतकं काम त्या काळात कोण करत होतं? तरी त्यांनी सुरांसाठी वेळ काढला.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. हे साहित्य आपलं नाही, ते आपल्याला आंधळं करतं. यात तथ्य आहे, आणि ते आम्हाला वहीनेच दाखवलं. ना. सी. फडक्यांची 'दौलत' 1929ची. तिथून आजच्या मोबाईलवरच्या कथांपर्यंत वाचत आलो की प्रेमाच्या आड काय काय येतं याची यादी होते. गैरसमज, गरिबी, आईचा हट्ट, जुनं प्रेमपत्र, विमान चुकणं. जात येत नाही. म्हणजे असते, पण न बोलता. मोबाईलवर आम्ही वाचलेल्या कथांत कंपनीचा मालक इनामदार असतो, सरदेसाई असतो, राजे असतो. नायिका गरीब असली तरी तिच्या घरात देव्हारा आणि तुळस असते. आमच्या आयांसारख्या बायका त्या घरात असतात, पण त्यांना फक्त नाव असतं, सखू किंवा गंगू. आडनाव नसतं. दोनशे नोंदींत नायिकेच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आम्हाला एकदाही सापडला नाही.

1916च्या मे महिन्यात, वयाच्या 25व्या वर्षी, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यावर, आणि तो पहारा बाईवर बसवला जातो, सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह अशा रूपांनी, हे त्यांनी तेव्हाच मांडलं. 1936 साली 'जातिनिर्मूलना'त आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला. मग कुणी कुणावर प्रेम करायचं, कुणाच्या घरात जाऊन राहायचं, हा प्रश्न हलका कसा? जातीची किल्ली ज्या दारात फिरते, त्याच दारात प्रेमकथा उभी असते. ती नेमकी तिथेच गप्प बसते म्हणून तिला मार्क कमी द्या. पण तो विषयच आपल्या इभ्रतीला शोभत नाही, हे आम्हाला पटत नाही.

आमच्यातली एक लिहिते. तिने मोबाईलच्या एका ॲपवर कथा टाकायला घेतली, भागाभागाने. नायक मेश्राम, वीज कंपनीत लाइनमन. नायिका गजभिये, सरकारी दवाखान्यात नर्स. रात्रपाळीला लाइट जाते, तिथे ओळख होते. कथेत अत्याचार नाही, मोर्चा नाही, 'जात' हा शब्दही नाही. आडनावं आहेत, 14 एप्रिलची मिरवणूक आहे आणि भिंतीवर तो फोटो आहे. वाचक भरपूर आले. "पुढचा भाग लवकर टाका ताई" अशा प्रतिक्रिया. आणि सहाव्या भागावर कुणीतरी एकच तारा दिला. खाली लिहिलं होतं: छान चालली होती, प्रेमकथेत जात कशाला आणता?

ती दोन दिवस अभ्यासिकेत आली नाही. आम्ही ती प्रतिक्रिया वहीत उतरवून ठेवलीय. इनामदारांची कथा म्हणजे नुसती कथा आणि मेश्रामांची कथा म्हणजे जात! यापेक्षा स्पष्ट पुरावा आम्हाला हजार पानांच्या प्रबंधात मिळाला नसता.

पण खरं भांडण पुढे झालं, आणि ते आमच्या आत झालं. तिने कथेचा दुसरा भाग लिहिला, नायिकेच्या बहिणीचा. तिचा मित्र दुसऱ्या जातीतला, वरच्या म्हणवल्या जाणाऱ्या. आणि शेवटी तिने बहिणीला मारून टाकलं. "आपल्याकडं असंच होते," ती म्हणाली. तिला काय उत्तर देणार? 2014 साली नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात नितीन आगे या सतरा वर्षांच्या पोराचा, एका मुलीशी बोलल्याच्या संशयावरून खून झाला. 2017मध्ये आरोपी सुटले. 'सैराट'चा शेवट बघून थिएटरमधून मुकाट बाहेर पडलेलो आम्ही. आमच्यातल्या दोघी म्हणाल्या, मरण लिही, तेच खरं. दोघी म्हणालो, नको.

आम्ही नको का म्हणालो? 'बलुतं'पासून आजवर आपल्या माणसांनी जे लिहिलं, त्याने मराठी साहित्याची झोप उडवली. त्या लेखनाचं ऋण आमच्या कातडीवर आहे. पण प्रस्थापितांना त्यातलं फक्त दुःख पाठ झालं. उर्मिलाताई पवार 'आयदान'मध्ये स्वतःच्या प्रेमाबद्दल, संसाराबद्दल मोकळेपणी लिहितात. चर्चासत्रात त्या पानांवर कोण बोलतं? आपण रडलो की पुरस्कार, आपण हसलो की "यात दलित जाणीव कुठे आहे?" आपल्या सुखाला साहित्यात आडनाव नाही.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांनी हे भांडण आपल्याआधी केलंय. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' ज्या देशातल्या गुलाममुक्तीच्या लढवय्यांना अर्पण केली, पँथरने 1972 साली जिथून नाव घेतलं, त्या देशात बेव्हर्ली जेन्किन्स नावाची लेखिका आहे. 1994 साली तिची 'नाइट साँग' आली. कॅन्ससमधल्या गावातली काळी शिक्षिका आणि घोडदळातला काळा सार्जंट यांची प्रेमकथा, गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळातली. तिच्या कादंबऱ्यांत गुलामगिरीचे वळ झाकलेले नसतात, पण माणसं शेवटच्या पानावर जिवंत असतात आणि एकत्र असतात. तो त्या कथाप्रकाराचा नियमच आहे, शेवट गोड. आणि तिथलीही गंमत बघा: प्रेमकादंबऱ्यांचे तिथले मानाचे पुरस्कार, जे पुढे रीटा म्हणून ओळखले गेले, 1982 साली सुरू झाले, आणि एखाद्या कृष्णवर्णीय लेखिकेला ते मिळायला 2019 उजाडलं. गोड शेवट कुणाच्या वाट्याला, हे तिथेही मार्क देणारेच ठरवत होते.

मैत्रिणीने शेवट बदलला. आमच्यामुळे नाही. बदलला तो दीड वर्षाने, आणि त्याचं कारण कथेबाहेरचं होतं. तिला विचारूनच लिहितोय. गाव आणि नावं मात्र सांगणार नाही.

तिने स्वतःच 1954च्या विशेष विवाह कायद्याखाली अर्ज दिला. मुलगा दुसऱ्या जातीतला. त्या कायद्यात तीस दिवसांची नोटीस असते. दोघांची नावं, पत्ते कार्यालयात सर्वांना दिसतील असे लावतात, कुणीही येऊन आक्षेप घेऊ शकतं. आजवर वाचलेल्या एकाही प्रेमकादंबरीत आम्हाला ही नोटीस भेटली नव्हती. त्या तीस दिवसांत आम्ही तिघी आळीपाळीने तिच्याकडे झोपायला होतो. दाराला आतून कडी, मोबाईल चार्ज केलेले, वकीलताईंचा आणि पोलीस ठाण्याचा नंबर भिंतीवर चिकटवलेला. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला की बोलणं बंद.

त्या रात्री आम्ही काय वाचावं? वैचारिक पुस्तकं समोर होती, एक पान पुढे जाईना. मग तिनेच पलंगाखालचा गठ्ठा ओढला, रद्दीतला, काकूंच्या काळातला. एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. महाबळेश्वर, पाऊस, बंद पडलेली मोटार, ओला रुमाल. नायकाच्या संवादांना आम्ही पोट धरून हसलो आणि नायिकेच्या पत्राला खरोखर रडलो. एका रात्री एक कादंबरी संपली तेव्हा उजाडत होतं, आणि रात्रभर कुणी खिडकीकडे पाहिलं नव्हतं.

तिसाव्या दिवसानंतर सह्या झाल्या. साक्षीदार आम्हीच. घरी आल्यावर तिचा नवरा पाणी घेऊन आला आणि म्हणाला, "दमलीस का?" आम्ही तिघी एकमेकींकडे बघून इतक्या जोरात हसलो की त्या बिचाऱ्याला कळेना त्याचं काय चुकलं.

वहीत त्या महिन्यातल्या अकरा नोंदी आहेत. अकराही कादंबऱ्यांना पाचपैकी पाच. परवा त्यातली एक पुन्हा काढून वाचली. नायक तिसऱ्या प्रकरणात थोबाडीत मारतो, मोलकरणीला आडनाव नाही, शेवट घाईत उरकलेला. नियमाने दीड मार्क. आम्ही पेन काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि ते पाच तसेच राहू दिले.