शुक्रवारचे हिरवे सूप



प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पण मटण टाळून हॉटेलातून शाही पनीर मागवले, तर त्या दिवशी आपण सोडले काय? म्हणून धर्मग्रामातले आम्ही काही जण या काळात दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेनंतर एक साधे सूप करतो. सॅलडच्या पानांचे, म्हणजे लेट्यूसचे.

थंडीत वडोदऱ्याच्या भाजीबाजारात ही पाने ताजी मिळतात. खंडेराव मार्केटात फेरी मारली की जुडीच्या बाहेरची, जरा जून पाने काढून टाकलेली दिसतात. कच्ची खायला ती राठ लागतात, सुपाला मात्र उत्तम.

चार माणसांसाठी एक कांदा, दोन लसूण पाकळ्या आणि एक मध्यम बटाटा चिरून चमचाभर लोण्यावर परतावा. तीन कप पाणी घालून बटाटा मऊ शिजवावा. दाटपणा त्याच्यामुळे येतो, कॉर्नफ्लोअर लागत नाही. मिठाच्या पाण्यात धुतलेली चार-पाच मुठी पाने अगदी शेवटी घालावीत आणि दोनच मिनिटे ठेवावीत. पानांत बहुतेक पाणीच असते, त्यामुळे ढीगभर पाला पाहता पाहता मूठभर होतो. थोडे निवल्यावर वाटून घ्यावे. पुन्हा गरम करताना पाव कप दूध, मीठ आणि मिरपूड. दूध घातल्यावर लिंबू पिळू नये, फाटते.

होळीच्या सुमारास ऊन वाढते, रोपाला तुरा येऊ लागतो आणि पाने कडवट होतात. नेमका तेव्हाच आपला प्रायश्चित्तकाळ चालू असतो. वल्हांडणाच्या रात्री इस्राएल लोकांनी कोकरासोबत कडू भाजी खावी, अशी निर्गमाच्या 12व्या अध्यायात आज्ञा आहे. यहुदी परंपरेच्या मिश्ना ग्रंथात अशा भाज्यांची यादी आहे आणि तिच्यात पहिले नाव लेट्यूसचे. यहुदी गुरूंनी त्याचे कारणही सांगितले: हे पान आधी गोड लागते, मग कडू होते, मिसर देशातला मुक्कामही तसाच झाला.

हे कडूपण आजही घराघरांत आहे. आमच्या धर्मग्रामात एक आजी एकट्या राहतात. आजोबा देवाघरी गेले, मुले परदेशी. दोन वेळचा चहा आणि खारी, एवढेच त्यांचे जेवण उरले होते. "एकटीसाठी गॅस कशाला पेटवायचा, बाळा?" असे त्या म्हणायच्या. वजन उतरत चालले होते. एका शुक्रवारी आम्ही पातेलेच घेऊन गेलो आणि तिथेच बसलो. आजींनी कपाटातून काचेचे बाऊल काढले, स्वतः प्रार्थना म्हटली, पहिला चमचा घेतला आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." मग दुसरा बाऊल घेतला. पुढच्या शुक्रवारी सूप त्यांच्याच स्वयंपाकघरात झाले. पाने निवडायला त्या, मीठ घालायलाही त्याच.

त्यांची भूक मेली नव्हती, पंगत मोडली होती. नीतिसूत्रांच्या 15व्या अध्यायात द्वेषाच्या घरातल्या मेजवानीपेक्षा प्रेमाच्या घरातली भाजी श्रेष्ठ ठरवली आहे. प्रभू येशूनेही आपल्या दुःखसहनाच्या आदल्या रात्री शिष्यांना आधी मेजाभोवती बसवले.

तेव्हा या शुक्रवारी आपल्या गल्लीत, सोसायटीत कोण एकटे जेवते, ते पाहूया. डबा दाराशी ठेवून परतू नका. आपलाही चमचा सोबत न्या.

हे प्रभू, आमच्या उपवासातून वाचलेली वेळ तुझ्या एकाकी लेकरांना मिळू दे आणि त्यांच्या मेजावर तू आमच्यासोबत बस. आमेन.